तांबूस तेल

बोरीची वाडी, ता. आंबेगाव
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भरतदादा,
नमस्कार.

तुझा पत्ता निरगुडसरला जाऊन तुझ्या आईकडून, सखूमावशीकडून आणला. पत्र बघून तू हसशील हे मला माहीत आहे. पण इथे फोन फक्त टेकडीवर लागतो, आणि तिथे उभं राहून बोललं की आपल्या दोघांचंही निम्मं बोलणं वारा नेतो. हे काम निम्मं समजून चालणारं नाही. तू लिहून पाठवलंस तर मी तो कागद बोटीवर नेईन आणि समोर धरून एकेक गोष्ट बघेन.

बोट तुला माहीतच आहे. तुमच्या बंदरावरच्या यार्डात तिची डागडुजी झाली आणि ती डिंभे धरणाच्या पाण्यात आली, तेव्हा तूच म्हणाला होतास, "दोन इंजिनांची राणी आहे, नीट वागवा." पावसाळाभर ती नीट चालली. आता तिचं स्टिअरिंग बिघडलं आहे. पूर्वी चाक जरा फिरवलं की मागची दोन्ही इंजिनं एकदम वळायची. आता चाक बराच वेळ रिकामंच फिरतं आणि मग एकदम पकडतं. सोमवारी उंबरवाडीहून येताना वारा होता. सुभाषभाऊ चाक उजवीकडे फिरवत राहिले आणि बोट सरळ बुडालेल्या चिंचेच्या शेंड्याकडे निघाली. त्यांनी उजवं इंजिन बंद केलं, डाव्याच्या जोरावर ती कशीबशी वळवली आणि तशीच धक्क्याला आणली. मुली ओरडल्यासुद्धा नाहीत. बाकाला धरून गप्प बसल्या होत्या. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

उंबरवाडीच्या मुली आजवर सातवीनंतर शाळा सोडायच्या. पाण्याला वळसा घालून चालत यायचं तर शाळा निम्मी उरकलेली असते. यंदा बोटीमुळे त्या पहिल्यांदाच रोज अलीकडे येऊन घोडेगावच्या शाळेत जात आहेत. आरोही आता आठवीला आहे. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर झाले, कारण जुन्नरला मामांकडे माझी राहायची सोय झाली. या मुलींना जुन्नरला कोण ठेवून घेणार? त्यांच्यासाठी मामाही हीच बोट आणि जुन्नरही हीच.

एक गोष्ट मी नीट पाहिली आहे. जुन्या गावाचा देव, वाघोबा, जिथे पाण्याखाली गेला, तिथे सुभाषभाऊ नेहमी बोट हळू करतात आणि सगळे हात जोडतात. काल तेवढ्या वेळात मी मागच्या बाकावर गेले. तिथे उंबरवाडीची सरूबाई आजी बसते. दर मंगळवारी ती गुडघ्याच्या औषधाला घोडेगावला जाते, आणि ती जागा तिचीच ठरलेली आहे. तिच्या शेजारून वाकून पाहिलं, तर इंजिनांपुढे जो आडवा सिलिंडर आहे, त्याच्या दोन्ही टोकांना तेल ओघळलेलं होतं. रंग तांबूस, लालसर.

हे काय असेल? मला दुरुस्त करता येईल का? मेकॅनिक पुण्याहून यायला तयार नाही.

तुझी,
साधना


यार्ड, १८ नोव्हेंबर

साधनास,
भरतचे आशीर्वाद.

तुझं पत्र यार्डात सगळ्यांनी वाचलं. मुकादम म्हणाला, "राव, ही तक्रार आपल्या गिऱ्हाइकांना पाठ करायला द्या." गिऱ्हाईक आम्हाला एवढंच सांगतं, की बोट बिघडली.

आता ऐक. चाकाच्या मागे एक पंप आहे. चाक फिरवलं की तो तेल ढकलतो, ते पाइपातून मागे जातं आणि सिलिंडरला रेटतं. मागचा चकाकणारा दांडा जागेवरच असतो. त्याच्यावरून सिलिंडर डावीउजवीकडे सरकतो आणि त्याच्यासोबत इंजिन वळतं. दोन इंजिनांच्या मध्ये जोडदांडा आहे, म्हणून दुसरं इंजिनही बरोबर वळतं. तेलाच्या जागी हवा शिरली तर चाक रिकामं फिरतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. तेल बाहेर आलंय म्हणजे टोकाची सीलं गेली. ही रबराची कडी असतात, दुसरं काही नाही.

पण नवी सीलं इतक्या लवकर का जावीत? तू तांबूस लिहिलंस तिथंच मी थांबलो. या स्टिअरिंगचं तेल फिकट असतं, पाण्यात जरा मध मिसळावा तसं. लाल तेल ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला घालतात. कुणीतरी तेल कमी झालेलं बघून घरच्या डब्यातलं ओतलं असणार. ते ह्या सीलांना सोसत नाही. सुभाषच्या भावाकडे ट्रॅक्टर आहे ना? बघ.

तोवर बोट लांब नेऊ नका. वारा असला तर अजिबातच नको.

माझ्या आईला भेटलीस तर सांग, डिंकाचे लाडू पोचले. फुटलेत, पण खाल्ले.

भरत


बोरीची वाडी, २४ नोव्हेंबर

प्रिय भरतदादा,

तुझं पत्र वाचलं आणि सगळं लख्ख कळलं. रविवारी धक्क्यावर बोट समितीची बैठक झाली. मी सचिव आहे, म्हणून उभी राहिले आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"सुभाषभाऊ, स्टिअरिंगला कुठलं तेल घातलंत?"

"मी न्हाई घातलं, ताई."

"मग ते लाल कसं?"

ते पाण्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, तुमच्या भावाच्या ट्रॅक्टरचं तेल असतं तसंच आहे. तरी गप्प. मग आमचे अध्यक्ष दादाभाऊ म्हणाले, "मुका बसला म्हंजे कबूल झाला. सुभाष, चावी ठिव हितं." त्यांनी खिशातून चावी काढली, सतरंजीवर ठेवली आणि पायवाटेने उंबरवाडीकडे निघाले. बोट नव्हतीच न्यायला.

मला वाईट वाटलं. पण ओळखीचा माणूस म्हणून चूक झाकायची ही आपली सवय मोडलीच पाहिजे, असं मी मनाला समजावते आहे. संस्था चालवायची तर माणूस बघून चालत नाही.

आता बोट बांधून ठेवली आहे. दुसरा परवानावाला चालक मिळेपर्यंत ती सुटणार नाही, असं दादाभाऊ म्हणतात, आणि असा चालक या भागात मला तरी माहीत नाही. आरोही आज वळसा घालून चालत आली आणि दुपारच्या सुट्टीत शाळेत पोचली. म्हणाली, "ताई, आई म्हणती बोट चालू झाली तर जा, न्हाईतर उद्यापासून भात झोडायला चल. ते काम तरी पुरं व्हईल."

मला सीलं आणि योग्य तेल पाठव. काम मी स्वतः करीन. बोट दुरुस्त उभी असली तर चालकासाठी दारोदार फिरता तरी येईल.

साधना


यार्ड, १ डिसेंबर

साधनास,

सीलं, तेल आणि एक बाटली पार्सल केली आहे. बाटलीच्या तोंडाला नळी लावलेली आहे. पार्सल कल्याण-जुन्नर गाडीने येईल, जुन्नर स्टँडवरून घे. सिलिंडरच्या टोपणाला दोन बारीक भोकं असतात, त्याला साधा पाना चालत नाही. मागच्या पानावर चित्र काढून मापं दिली आहेत. जुन्नरच्या पेठेत कुठल्याही लेथवाल्याकडून करून घे.

आता बैठकीचं. मी तुला अंदाज लिहिला होता, तू निकाल दिलास. दोष माझाही आहे, सुभाषच्या भावाच्या ट्रॅक्टरचं मला लिहायची गरज नव्हती. इथे बसून मला ना बोट दिसते ना तेल. तू चाकाजवळचं, वरचं तेल बघितलंस का, हे तू लिहिलेलंच नाहीस.

काम असं आहे. आधी दांडा मऊ पांढऱ्या कापडाने पूस आणि कापडावर काय येतं ते बघ. मग दांड्यावरून नख फिरव. नख कुठे अडलं तर दांड्याला ओरखडा आहे, मग सील बदलून काही उपयोग नाही, आठवड्याभरात पुन्हा गळेल. दांडा नवा मागवायचा तर मे महिना उजाडेल. नख अडलं नाही तर तुझं नशीब चांगलं.

टोपण उघड, जुनं सील काढ, नव्याला तेल चोळून हळू बसव. मग हवा काढायची. एकाने चाकावर बसायचं, एकाने मागे. चाकाजवळच्या झाकणात बाटली उलटी लावून ठेवायची आणि ती रिकामी होऊ द्यायची नाही. मागचा निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, जरा सैल करायचा, चाक एकाच बाजूला फिरवत राहायचं. आधी फेस येईल. फेस जाऊन सलग धार आली की चाक फिरत असतानाच निपल आवळायचा. मग दुसरी बाजू, चाक उलटं. शेवटी चाक दोन्हीकडे जाऊन घट्ट थांबलं पाहिजे.

चाकावर बसायला असा माणूस हवा, की जो तू "थांब" म्हटल्यावर थांबेल. तुझ्या ओळखीत असा एकच असावा असं मला वाटतं.

भरत


बोरीची वाडी, ८ डिसेंबर

प्रिय भरतदादा,

पार्सल मिळालं. जुन्नरच्या पेठेत लेथवाल्याने तुझं चित्र उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, "काढणारा मेकॅनिक असंल, चित्रकार न्हाई." पाना मात्र छान झाला आहे.

पण मी तो अजून वापरलेला नाही. त्याआधी जे झालं ते सांगते.

पार्सल यायच्या आदल्या दिवशी मी एकटीच बोटीवर गेले होते. मनात एक साधी गोष्ट सारखी येत होती. तेल ओतायची जागा एकच, चाकाजवळची. तिथून लाल तेल ओतलं असेल तर तिथेही लाल दिसलं पाहिजे. मी झाकण उघडून स्वच्छ काडी बुडवली. काडीवर आलेलं तेल फिकट होतं, अगदी तू लिहिलंस तसं. पाण्यात मध.

मी बराच वेळ काडी उन्हात धरून बसले होते. मग तुझा कागद आला, तेव्हा पांढरं कापड घेऊन मागे गेले. दांडा वरून चकचकीत दिसत होता. पण टोकाला, सिलिंडरच्या कडेशी, कापड दाबून फिरवलं तर त्याच्यावर केशरी गाळ आला. बोटांत चोळला तर बारीक रेतीसारखा लागला. वास घेतला आणि ओळखला. शेंदूर आहे, दादा. तेलात कालवलेला शेंदूर. सिलिंडर सरकताना दांडा पुसून निघतो, आणि सगळा शेंदूर सीलाखाली ओढला जातो.

मी कापड पिशवीत घालून सरळ उंबरवाडीची वाट धरली. चालत. मुली कशा येत असतील ते पायांनाच कळलं. सुभाषभाऊ खळ्यावर भात झोडत होते. मला बघून थांबले नाहीत.

"सुभाषभाऊ, तेल तुम्ही घातलेलं नाही. मी चुकले."

"बरं," ते म्हणाले आणि पेंढी आपटली.

मी कापड काढून दाखवलं. तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी शेजारच्या घराकडे बघितलं.

"आत ठिवा ते, ताई."

"कोण लावतं?"

"तुमाला कळलं ना, मी न्हाई? झालं मग."

"सुभाषभाऊ, तुमची चावी गेली आहे."

"चावी काय, भात हाय घरी." मग पेंढी खाली ठेवून हळू बोलले. "सरूबाई लावती. दर मंगळवारी. वाघोबाच्या जाग्यावर मी बोट हळू करतो तवा. धरणाचं पाणी चढलं तवापास्नं त्या देवाला शेंदूर न्हाई मिळाला. म्हातारी काठावरनं पाण्यात टाकायची, तो वाहून जायाचा. औंदा पहिल्यांदा ती त्याच्या डोक्यावर पोचली. मी काय म्हणणार व्हतो? नको म्हणू?"

"पण दांड्याला का?"

"इंजनं तापत्यात, धूर मारत्यात. सगळ्या बोटीत हालत न्हाई आन् चमकतं ते एकच. तिला तोच देव वाटला. मला बी काय वावगं वाटलं न्हाई."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत?"

"तिचं नाव घेऊ? म्हातारीमुळं पोरी बुडणार व्हत्या, असं साऱ्या गावानं म्हणायचं? ती अन्न सोडंल, ताई. माजं काय, दोन दिवस चोर म्हणतील."

दादा, मी त्या माणसाला भर बैठकीत माणूस न बघण्याचं तत्त्व शिकवलं होतं.

आता सांग, काय करू? सुभाषभाऊंना निर्दोष ठरवायचं तर शेंदराचं सांगावं लागेल. शेंदराचं सांगितलं की सरूबाईचं नाव येणार. सुभाषभाऊंनी माझ्याकडून तिचं नाव न घेण्याचं वचन मागितलं. मी अजून दिलेलं नाही.

साधना


यार्ड, १३ डिसेंबर

साधनास,

शेंदूर! आमच्याकडे खारं पाणी, वाळू, शिंपले, एकदा तर सिलिंडरखाली खेकडा सापडला होता. शेंदराने सील गेलेलं यार्डात कुणी ऐकलेलं नाही. मुकादमाने दोनदा विचारलं, "म्हंजी देवाचा?"

माझं ऐक. म्हातारीला काही सांगू नको. दांड्यावर रबरी आवरण मिळतं, ते बसवू, आणि शेजारी "हात लावू नये" अशी पाटी. समितीला सांग, सील जुनं होतं. सगळे सुटतील.

ओरखड्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. नख फिरवलंस का? मला रोज तेच आठवतं.

भरत


बोरीची वाडी, २४ डिसेंबर

प्रिय भरतदादा,

नख फिरवलं. आधी तेच सांगते, म्हणजे तू पुढचं निवांत वाचशील. पाना लावायच्या आधी मी डोळे मिटून दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नख नेलं. कुठेही अडलं नाही.

तुझा सल्ला मी मानला नाही, रागावू नको. सील जुनं होतं असं सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि सुभाषभाऊंवरचा डागही गेला नसता. लोकांनी म्हटलं असतं, साधनाबाईंनी सांभाळून घेतलं. आणि पाटीचं म्हणशील, तर सरूबाईला वाचता येत नाही. तिच्यासाठी पाटी लावणं म्हणजे तिला न सांगणंच.

म्हणून मी बैठकीआधी पुन्हा उंबरवाडीला गेले. सुभाषभाऊंना म्हटलं, वचन देता येत नाही, पण मी आधी तिलाच सांगते, तुमच्यासमोर. ते नको नको म्हणत मागोमाग आले. सरूबाई दारात वाल सोलत होती. मी तिच्या पुढ्यात बसले, जुनं काढलेलं सील नव्हतंच अजून, म्हणून नवं हातात दिलं आणि सगळं सांगितलं. दांडा, सिलिंडर, आतलं रबर, शेंदराचा कच.

ती सील बोटात फिरवत राहिली. बांगडीसारखं. 

"म्हंजी माज्या शेंदरानं ह्ये कापलं?"

"हो, आजी."

"आन् ह्या सुभाष्याची चावी ग्येली ती त्याच्यापायीच?"

"हो."

ती सुभाषभाऊंकडे वळली. "आरं मुडद्या, मला का न्हाई सांगितलं?"

"तू जेवण सोडशील म्हणून, आजे."

"जेवण सोडू? धरणात घर ग्येलं तवा न्हाई सोडलं, आता सोडू?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, दगडाच्या देवाला बी शेंदूर चढवायच्या आदी जुना खरवडावा लागतो. वल्ल्या फडक्यानं पुसावा लागतो. पुसल्याबिगर चढवला तर देवाच्या अंगावर खपल्या धरत्यात. बोटीत पुसाय टाइम कुठं द्येतो ह्यो? हात जोडले की भर्रदिशी निघाला! अर्धीच पूजा झाली, म्हणून बिघडलं."

 आम्ही दोघं आठवडाभर तिला जपत होतो आणि तिला हवी होती ती माहिती.

रविवारी बैठक झाली. मी म्हटलं, तेल कुणीही बदललेलं नव्हतं, वरचं तेल फिकटच आहे, काडी बघा. सील शेंदराने गेलं. दादाभाऊ लगेच म्हणाले, "शेंदूर? कुणी लावला?" मी तयारीत होते. दिवाळीतल्या वाघबारशीला आम्ही बोटीची पूजा केली होती, तेव्हाचा फोटो मीच काढलेला, माझ्या फोनमध्ये होता. तो त्यांच्या हातात दिला. दादाभाऊंचा शेंदराचा अंगठा दांड्यावर, आणि मागे सगळी समिती हात जोडून.

दादाभाऊंनी चष्मा वर करून फोन जवळ नेला. "ह्यो तर माजाच अंगठा हाय," ते म्हणाले.

बचतगटाची साळुबाई मागून म्हणाली, "मग आता तुमी बी चावी ठिवा हितं!"

असं हसू त्या धक्क्यावर मी कधी ऐकलं नव्हतं. हसू थांबेना, तेवढ्यात सरूबाई उठली आणि म्हणाली, "त्यांचा एकदाच, माजा दर मंगळवारी." एवढंच बोलून बसली.  तिने स्वतःच सांगितल्यावर कुणाला बोलायला जागाच उरली नव्हती. मी सांगितलं, की दांडा रोज पुसायचं काम आपण कुणालाच नेमून दिलं नव्हतं, ही समितीची चूक आहे आणि सचिव म्हणून आधी माझी. मग मी सुभाषभाऊंची सगळ्यांसमोर माफी मागितली. ते म्हणाले, "आता चाकावर बसू का, का अजून बोलायचंय?"

तसेच उठून सगळे बोटीवर गेलो. आधी मी पान्याने टोपणं उघडून नवी सीलं बसवली, मग हवा काढायला घेतली. सुभाषभाऊ चाकावर, मी मागे निपलपाशी, आणि बाटली उलटी धरायला दादाभाऊ. बाटली लावून ठेवायची असते, पण आपल्या झाकणाचे आटे जुळेनात, म्हणून त्यांनी ती शेवटपर्यंत हाताने धरली. हात अवघडले तरी खाली घेतला नाही. "थांबा" म्हटलं की सुभाषभाऊ थांबत होते, तुझं बरोबर होतं. पहिल्यांदा फेस आला, केशरी. मग पांढरा. मग सलग धार. मी निपल आवळला. दुसरी बाजू. मग त्यांनी चाक डावीकडे नेलं, ते घट्ट थांबलं. उजवीकडे नेलं, घट्ट थांबलं. दोन्ही इंजिनांनी एकदम मान वळवली.

सोमवारपासून मुली पुन्हा शाळेत जात आहेत. पहिल्या फेरीला वारा होता. चिंचेच्या शेंड्यापाशी आरोहीने बाक धरला होता, पण बोट वळल्यावर सोडला.

शेंदराचं असं ठरलं: उंबरवाडीच्या धक्क्यावर सुभाषभाऊंनी काठावरचा एक दगड बसवला आहे. मे महिन्यात पाणी उतरेल आणि खरा वाघोबा उघडा पडेल, तोवर शेंदूर त्या दगडाला. दांड्याला फक्त अंघोळ. ते काम सरूबाईने मागून घेतलं. आता ती रोज पहिल्या फेरीआधी येते, ओल्या फडक्याने पुसते, मग कोरड्याने. मी तिला टोकाची कड कशी पुसायची ते दाखवायला गेले, तर तिने ती आधीच पुसली होती.

रबरी आवरण पाठवू नको. सध्या तरी लागणार नाही.

तुझी,
साधना


यार्ड, १९ जानेवारी २०२६

साधनास,
आशीर्वाद.

तुला न सांगता येऊन गेलो, म्हणून मावशी, तुझी आई, तुझ्या वतीने मला फोनवर बोलली. संक्रांतीला निरगुडसरला आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हटलं, बोट बघून येतो. तू जुन्नरला गेलीस असं धक्क्यावर कळलं, म्हणून सुभाषबरोबर पहिल्या फेरीच्या मुली आणायला उंबरवाडीपर्यंत गेलो.

चाक मी स्वतः धरलं. दोन्हीकडे घट्ट आहे, मध्ये जरासुद्धा रिकामं फिरत नाही. जोडदांड्याचे नट एकदा आवळून घे, डावीकडचा जरा सैल वाटला. पाइप बाकाच्या कोपऱ्याला घासतोय, तिथे रबराचा तुकडा बांध. बाकी मला काही सापडलं नाही, आणि मी शोधत होतो.

उंबरवाडीला बोट लागली तर सरूबाई फडकं घेऊन उभीच होती. नव्या दगडाला शेंदूर आहे, त्याच्यापुढे गोंड्याचं फूल होतं. ती बोटीत आली, मागे जाऊन बसली आणि पुसायला लागली. तिचं झाल्यावर मी वाकून टोकाशी सील बघायला गेलो. आमच्या यार्डात इतका स्वच्छ दांडा एकही नाही. मी सवयीने त्याला बोट लावलं.

"ए, कोण रं तू?" ती ओरडली.

सुभाष म्हणाला, "आजे, आपल्या साधनाताईंचा मावसभाऊ हाय. मेकॅनिक हाय तो. त्यानंच सीलं पाठवली."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. नाश्त्याला केळं खाल्लं होतं, हात चिकट होते, पायात चपला होत्या.

"असंल," ती म्हणाली. "चपला तिकडं काढ आन् हात धुऊन ये."

साधना, मी चपला काढल्या. धरणात हात धुतले, शर्टाला पुसले आणि मगच दांड्याला हात लावला.

भरत